दुकानाच्या दाराबाहेरचं ऊन

डोंबिवलीतल्या एका दुकानात मी ई-रीडर घ्यायला गेलेलो. रंगीत घ्यावा की काळा-पांढरा, हे अर्धा तास ठरेना. रंगीतवरची चित्रं मला फारच फिकी वाटत होती.

शेजारी साठीच्या एक बाई उभ्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. "द्या बघू इकडे," म्हणत त्यांनी माझ्या हातातून रंगीत रीडर घेतला आणि साडी उजेडात नेऊन बघावी तशा थेट दाराबाहेर उन्हात गेल्या. सेल्समन घाबरून मागे धावला. मीही गेलो. उन्हात चित्रातला पोपट हिरवागार दिसत होता.

"दुकानातल्या लाइटवर कधी रंग ठरवू नये," त्या म्हणाल्या.

मी खुशीत तोच घेतला. त्यांनी मात्र स्वतःसाठी काळा-पांढरा मागितला.

"तुम्ही रंगीत नाही घेत?"

"मी कादंबऱ्या वाचते हो. त्यातल्या बायकांच्या साड्यांचे रंग मीच ठरवते."

आणि त्या मनापासून हसल्या.

काल बाल्कनीत कादंबरी उघडली. माझ्या रंगीत स्क्रीनवर सगळी काळी अक्षरं. नायिका दारात येऊन उभी राहिली. तिच्या साडीचा रंग लेखकाने सांगितलेला नव्हता.

मी मोरपंखी दिला.