टोस्टला बटर

मला वास येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला बरं पडेल. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी ड्रम धुवायच्या कामाला होतो. सगळी जवानी त्यातच गेली. ड्रमच्या तोंडात डोकं घालायचं, आत पाणी मारायचं, ब्रश फिरवायचा, परत पाणी. नाकाला फडकं बांधायचो, पण त्या वाफेपुढं फडक्याचं काय चालतंय. आधी डोळे चुरचुरायचे, मग नाक गळायला लागलं, मग गळायचं थांबलं आणि त्याच्याबरोबर वासही थांबला. कधी थांबला ते मला कळलंसुद्धा नाही. एकदा चुलीवर दूध करपलं आणि मी शेजारीच तंबाखू मळत बसलेलो. बायको गोठ्यातनं पळत आली, पातेलं खाली घेतलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

"अवं, नाक कंपनीतच ठिवून आला का काय?" म्हणाली. तेव्हा मला कळलं.

आता ती नाही. थंडी सरता सरता गेली. सकाळी चहा ठेवायला उठली, भिंतीला हात लावून खाली बसली आणि उठलीच नाही. दवाखान्यात न्यायची वेळसुद्धा दिली नाही. खरं तर जायचा नंबर माझा होता. माझ्या छातीत स्प्रिंग टाकलेली. गोळ्या मला, पथ्य मला. डॉक्टरनं तळलेलं बंद सांगितलं तेही मला. आणि धडधाकट बाई गेली.

तिच्या जलदानाच्या कार्यक्रमाला आमची पोरगी शिरूरहून आली होती. एकुलती एक आहे. जावई तिकडं कंपनीत असतो. कार्यक्रम उरकल्यावर पोरीनं आईची पेटी उघडली, वरचं लुगडं काढून तोंडाला लावलं आणि तशीच बसली. म्हणाली, आईचा वास हाय अजून. पोरगी परत गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि तेच लुगडं नाकाला लावलं. काही नाही. दुकानातनं आणलेलं नवं कापड असतं तसं. लोकांना गेलेल्या माणसाचा वास तरी मागं राहतो. मला तेवढाही राहिला नव्हता. माझ्यापाशी तिचं राहिलं होतं ते एकच, तिच्या हातचा दालचिनीचा टोस्ट दाताखाली कसा वाजायचा ते. आणि तो टोस्ट कसा करायचा हे मला माहीत नव्हतं.

टोस्टचं असं झालं. माझं तळलेलं बंद झालं तेव्हा पोरीनं एअर फ्रायर आणून दिला. काळा डबा, पुढं कप्पा, वर दोन गोल बटणं. तेलाशिवाय सगळं होतं म्हणाली. बायकोचा विश्वास बसेना. वाऱ्यावर कुठं सैपाक होतो का, असं तिचं म्हणणं. तिनं त्याचं नाव वाऱ्याची कढई ठेवलं. पहिल्या दिवशी त्यात उडदाचा पापड टाकला तर तो वाऱ्यानं उडून वरच्या जाळीला चिकटला आणि तिथंच जळाला. बाईनं चिमट्यानं ओढून काढला आणि म्हणाली, तुमच्या पोरीनं इमान पाठवलंय. काही बिघडलं की पोरगी माझी व्हायची आणि शहाणपणाचं काही केलं की तिची.

मग एके दिवशी पोरीनं फोनवर दालचिनीचा टोस्ट सांगितला. मी ओट्यावर बसलेलो. हिचा एका बाजूचा आवाज ऐकू येत होता. ती पोरगी सांगेल ते पाठ केल्यासारखं म्हणत होती. "टोस्टला बटर. बरं. त्याच्यावर साखर. दालचिनीची पूड. बरं. किती येळ? बरं." फोन ठेवला आणि बराच वेळ नुसतीच उभी राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, तुमचं काय काम हाय त्यात, गप बसा.

चार-पाच दिवसांनी दुपारच्या चहाबरोबर तिनं तो टोस्ट माझ्यापुढं ठेवला. मला वास नाही म्हणजे चवही अर्धीच. गोड, खारट, तिखट एवढं जिभेला कळतं, बाकी सगळं दातांवर. तो टोस्ट दातांना कळायचा. वर जाडसर, रवाळ पापुद्रा, तो आधी फुटायचा कुर्रकन. मग आत जरा मऊ, दूध प्यायल्यासारखं. मग पुन्हा खाली कडक. आणि दालचिनीचा चटका तेवढा जिभेच्या शेंड्याला. मी म्हणालो, हे बरं हाय. आमच्यात बरं हाय म्हणजे लई झालं. त्यानंतर ती दुपारचं ते करायचीच. मी कधी आत जाऊन बघितलं नाही. बघायचं काय, समोर यायचंच.

ती गेल्यावर शेजारनं डबा यायला लागला. भाजी-भाकरी चांगली असते, तक्रार नाही. पोरगी शिरूरला चला म्हणून मागं लागली. मी नाही म्हणालो. मग ती म्हणाली, निदान ते मशीन तरी मला नेऊ द्या, इथं धूळ खात पडलंय. त्यालाही मी नाही म्हणालो.

"तुम्हाला चालवता तरी येतं का, आबा?"

"शिकंन."

"शिकून काय करणार?"

"टोस्ट."

तेव्हा तिचा चेहरा जरा उजळला. म्हणाली, थांबा, मीच करून दाखवते. पाटसला जाऊन ब्रेड आणला, लोण्याची पिवळी वडी आणली. ब्रेडच्या कापाला लोणी फासलं, साखर आणि दालचिनी भुरभुरली, मशीनमध्ये ठेवलं, बटण फिरवलं. घंटी वाजली. मी घास घेतला. पापुद्रा नाही, कुर्र नाही. कडेला कुरकुरीत आणि मधे गादीसारखं.

"हे न्हाई," मी म्हणालो.

तिला वाटलं भाजायला कमी पडलं. परत केलं. परत तेच. मी परत म्हणालो, हे न्हाई. तर ती खालीच बसली. म्हणाली, "आबा, हेच हाय. मीच शिकवलंय आईला. आई मला फोनवर सांगायची, आज तुझा टोस्ट केलाय म्हणून. तुमच्या तोंडाची चव गेलीय, त्याला मी काय करू?"

तिचंही बरोबरच होतं. ती एसटीत बसून गेली आणि मी तो उरलेला ब्रेड, संपला की नवा आणून, रोज थोडा थोडा मशीनमध्ये घालून बघत बसलो. जास्त ठेवला तर चपलेच्या तळासारखा व्हायचा. कमी ठेवला तर पुन्हा गादी. दुकानातला कडक टोस्टही घालून बघितला, तर त्याच्यावर साखर थांबायची नाही. दालचिनी वाढवली तर जीभ भाजायची. मला वाटायला लागलं की पोरीचं खरं असेल, तोंडच मेलं असेल माझं. मग तर झालंच, शेवटचं होतं तेही गेलं.

असा उन्हाळा गेला. मग एक दिवस दुपारी बेकरीवाला आला. हा उत्तरेकडचा माणूस, माझ्याच वयाचा. मोटारसायकलच्या मागं पत्र्याची पेटी बांधून कासुर्डीपासून इकडं सगळी गावं फिरतो. मध्ये बरेच महिने आपल्या मुलखाला गेलेला. त्याला काही माहीत नव्हतं. फाटकापाशी उभा राहून त्यानं हाळी दिली, "बाई, टोस्ट."

मी बाहेर आलो. सांगितलं. त्यानं डोक्यावरचं फडकं काढलं आणि पायरीवर बसला. मग उठून पेटी उघडली, एक टोस्टचा पुडा काढला, वर दोन बटरं काढून ठेवली. म्हणाला, "उनका माल है, मामा. पैसा नहीं चाहिये."

इथं बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्याकडं टोस्ट म्हणजे बेकरीतला, दोनदा भाजलेला, दगडासारखा कडक, चहात बुडवून खायचा. आणि बटर म्हणजेही बेकरीतलंच. गोल, फुगलेलं, वरनं तकतकीत, तेही कडक, तेही चहात बुडवायचं. ब्रेडला फासतात त्याला आम्ही लोणी म्हणतो, नाहीतर अमक्या कंपनीची वडी.

मी म्हणालो, आमच्यात बटर कोणी खात नाही. तो म्हणाला, खात नव्हत्या, कुटत होत्या. "पहले दिन हमसे पूछा, टोस्ट को बटर कैसे लगाते हैं. हम बोला, बाई, दोनों कडक हाय, कैसे लगेगा. तो बोली, लेकीनं सांगितलंय म्हंजी लागतच असणार. अगली बार आया तो बोली, जमलं."

मी तिथंच फाटकाला धरून उभा राहिलो. म्हणजे पोरीनं सांगितलं टोस्टला बटर लावायचं, आणि हिनं टोस्टला बटरच लावलं. शिकलेल्या लेकीला परत विचारायचं कसं, म्हणून विचारलं नाही. बटर खलबत्त्यात कुटलं, दुधात कालवलं, साखर-दालचिनी घालून त्याचा लेप केला असणार. टोस्ट दुधात बुडवून काढला असणार. त्याच्यावर हा लेप.

आणि मग मला शिरूरहून परत येतानाची एसटी आठवली. आम्ही दोघं पोरीकडं राहून आलो होतो, तिथं पोरीनं आम्हाला ब्रेडचाच टोस्ट करून घातला होता. मी तो टोस्ट म्हणून मनातसुद्धा घेतला नव्हता, मला वाटलं हा ब्रेड आहे. पण ही परतीच्या गाडीत न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत पदर तोंडाला लावून हसत होती. काय झालं म्हटलं तर काय न्हाई. लोकं बघतात म्हटलं तर बघू द्या. तिला त्या दिवशी कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी चहाबरोबर आपलाच टोस्ट आला. मी बरं हाय म्हणालो होतो ना.

बेकरीवाला गेला आणि मी खलबत्ता काढला. पहिला लेप पातळ झाला, वाहून कप्प्यात जळाला. दुसऱ्या वेळी दूध कमी घातलं. घंटी वाजली, काढला, फुंकर मारली, चावलो. कुर्र. मग मऊ. मग कडक. जिभेच्या शेंड्याला चटका.

तोच होता. डोळे मिटून खाल्ला. डोळे उघडले तर ओटा मोकळा. पुढं कोणी नाही, चहा मीच केलेला, जास्त उकळलेला. टोस्ट मिळाला म्हणजे बाकीचं मिळतं असं माझ्या डोक्यात कुठंतरी असणार. ते काही नसतं.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. मला लपवायची सवय नाही, सगळं सांगून टाकलं. बेकरीवाला, बटर, खलबत्ता. मला वाटलं हसेल.

"म्हंजी माझ्या पद्धतीनं आईनं कधीच केला न्हाई?"

"न्हाई."

"मग ती 'तुझा टोस्ट केलाय' असं का म्हणायची?"

"तुझाच म्हणायची की. तूच सांगितलेला."

तिनं फोन ठेवला. मग कितीतरी दिवस जावईच फोन करायचा, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. ती कामात आहे म्हणायचा. मला कळत होतं. मला माझं सापडलं ते तिच्याकडनं निघून आलं होतं; आई आपलाच टोस्ट करायची, हे तिचं राहिलं नव्हतं.

आणि मग एका रविवारी ती एकटीच आली. चप्पल काढली, पाणी प्यायली आणि म्हणाली, करा. मी खलबत्त्यात बटर कुटायला घेतलं. तिनं माझ्या हातातनं बत्ता काढून घेतला आणि स्वतः कुटलं. दूध किती विचारलं, साखर किती विचारलं. मी सांगत गेलो. ती पाठ केल्यासारखी बरं, बरं म्हणत होती. टोस्ट आत ठेवले, बटण फिरवलं आणि आम्ही दोघं त्या डब्यापुढं उभे राहिलो.

थोड्या वेळानं ती एकदम मागं भिंतीला टेकली. नाक वर करून श्वास ओढला.

"काय झालं?" मी म्हणालो. "जळालं का?"

"न्हाई. आबा, हाच वास. मी सुट्टीला दिवसभरापुरती यायची ना, तवा दुपारी घरात शिरलं की हाच वास असायचा, टोस्ट तुमचा खाऊन झालेला. मला वाटायचं आई माझाच टोस्ट करतीय."

माझ्या नाकाला काही नाही. नुसता गरम वारा लागत होता.

"कसा हाय?" मी विचारलं.

"काय?"

"वास. सांग की, कसा हाय."

तिनं तोंड उघडलं. काहीतरी सांगायला लागली, गोड असा, म्हणाली, आणि पुढं तिला बोलता येईना. मी थांबलो. म्हटलं सांगेल. घंटी वाजली तरी आम्ही तसेच उभे होतो, ती डोळ्याला पदर लावून आणि मी तिच्या तोंडाकडं बघत.