टाकीच्या आतलं फिनिश

चिकलठाण्यात तात्यासाहेबांच्या शेडमध्ये बद्रीनाथ एकोणीस वर्षं स्टीलला फिनिश देत होता. तिथं लिफ्टचे दरवाजे व्हायचे, जिन्यांचे कठडे व्हायचे, दुधाच्या टाक्या व्हायच्या. कुठल्या कामाला कसलं फिनिश, हे तात्यासाहेब त्याच्यावरच सोडून द्यायचे. शहरातले आर्किटेक्ट यायचे आणि आरशासारखं चकचकीत स्टील मागायचे. बद्रीनाथ त्यांच्यापुढं दोन तुकडे ठेवायचा. एक चकचकीत, दुसरा बारीक सरळ रेघांचा, ज्याला हेअरलाइन म्हणतात तो.

"दोन्हीवर अंगठा टेकवा साहेब."

चकचकीत तुकड्यावर ठसा उमटायचा, रेघांच्या तुकड्यावर जवळपास दिसायचाच नाही. साहेब मुकाट्यानं हेअरलाइन पसंत करायचे. कठडा उघड्यावर असेल तर घासायचा पट्टा बारीक मारायचा, नाहीतर खरबरीत रेघांत घाण धरते आणि डाग पडतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हातानंच शिकला होता.

दोन हजार तीन साली अजिंठा रोडवर, फुलंब्रीच्या पुढं आत असलेल्या एका गावच्या दूध केंद्राची टाकी शेडमध्ये आली. हजार लिटरची, आडवी आणि उथळ, वर झाकणाची, आत माणूस उतरून बसेल एवढी. बाहेरून बद्रीनाथनं जीव ओतला. तीनशेवीस नंबरचा बारीक पट्टा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ कुठं मोडली नाही. आतलं काम शेवटी ठेवलं. तळाचा वेल्डिंगचा सांधा ऐंशी नंबरच्या जाड पट्ट्यानं सपाट केला, आणि त्यावर बारीक पट्टे मारायचे तेवढे राहिले. टेम्पो दारात उभा होता. पैठणला भाचीची हळद होती आणि एसटी चारची होती.

"झालं का रे बद्री?" तात्यासाहेबांनी ऑफिसातून विचारलं.

आतलं कोण बघतंय, असं त्याच्या मनात आलं.

"झालं," तो म्हणाला, आणि हळदीला गेला.

पुढच्या मे महिन्यात टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणून त्याला त्या गावी पाठवलं. केंद्राचे कारभारी नावाचे सचिव मोठ्या कौतुकानं त्याला टाकीपाशी घेऊन गेले.

"लई देखणी केलीत मिस्त्री. पाव्हणं आलं की आधी हीच दावतो. पर आमच्याच माणसानं वाट लावली बघा."

"का, काय झालं?"

"उन्हाळा लागला तसं दूध नासाया लागलं. तीनदा गाडी वापस आली. द्वारकाबाई म्हणून बाई होती धुवायला, एकटी बाईमाणूस, दया येऊन ठेवली होती. धूतच नव्हती नीट. गेल्या हप्त्यात काढली तिला."

बद्रीनाथनं झाकण उचलून आत हात घातला. तळाशी, सांध्याच्या कडेनं बोटं फिरवली. पत्रा नांगरल्यासारखा लागला. नखानं खरवडलं तर नखात पिवळट, चिकट थर आला. बारीक सऱ्यांत दूध बसत होतं, वाळत होतं, आणि वरून कितीही घासलं तरी मुळाशी तसंच राहत होतं. त्यानं हात बाहेर काढून पँटीला पुसला. कारभारी वाट बघत उभे होते.

"व्हॉल्व्हचं रबर गेलंय," तो म्हणाला. रबर बदललं, त्यांनी मागवलेला चहा प्याला आणि निघून आला.

त्यानंतर त्याचं कामात चित्त लागेना. एका हॉटेलच्या कठड्यासाठी आर्किटेक्ट आला, नेहमीप्रमाणं विचारू लागला, तर बद्रीनाथनं तुकडे पुढं ठेवलेच नाहीत. "तुमच्या मनाला येईल ते घ्या," म्हणून तो मशीनकडं वळला. पुंडलिकनगरातल्या खोलीवर ताटात भाकरी तशीच राहू लागली. चौथ्या दिवशी बायकोनं, सारजानं, ताट उचललं नाही. समोर बसून राहिली. मग त्यानं सगळं सांगितलं.

"त्या बाईला सांगितलं?" तिनं विचारलं.

"नाय."

"मंग मला सांगून काय व्हनार हाय?"

रविवारी तो सिल्लोडच्या एसटीनं पुन्हा त्या गावी गेला. द्वारकाबाई ओसरीत तूर निवडत बसली होती. पन्नाशीची, किडकिडीत. शेडचं नाव सांगितल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर सारखा केला.

"दादा, म्या घासत व्हते वो," तो काही बोलायच्या आतच ती म्हणाली. "काथ्यानं, सोड्यानं, कढत पान्यानं. हे बघा." तिचे तळवे सोड्यानं सोलून निघाले होते, बोटांच्या पेरांना चिरा होत्या. "तरी वास जाईना. मला वाटलं, आता नजर कमी झाली आपली. वय झालं. आपुनच कमी पडतो."

ती भांडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बद्रीनाथला बरं वाटलं असतं. तिनं तर सगळा दोष आधीच आपल्या अंगावर घेऊन टाकला होता.

"ताई, तुमी कमी नाय पडला," तो खाली बघत म्हणाला. "तळ म्याच खरबरीत ठेवला. बारीक करायचा व्हता. मला घाई व्हती. त्यात कुनीबी घासलं असतं तरी घान निघाली नसती. आन त्या दिवशी मला ते कळलं, तरी म्या गप बसलो."

द्वारकाबाईनं सूप पुन्हा पुढं ओढलं. मग म्हणाली, "दूध नासवनारी म्हनत्यात मला. नळावर बाया माझ्या आधी हंडा लावत्यात. हे माझ्या वसरीत सांगून काय उपेग? सांजच्याला समदे दूध घालाया येत्यात. तिथं सांगा."

संध्याकाळी केंद्रावर चाळीसेक माणसं किटल्या घेऊन उभी होती. बद्रीनाथनं कारभारींना टाकीत हात घालायला लावला, सांध्यावर बोट फिरवायला लावलं, आणि सगळ्यांदेखत चूक कुणाची ते सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "इतके दिस कुठं व्हता?" कारभारी संतापले. त्यांनी तिथूनच शेडवर फोन लावला.

तात्यासाहेब दुसऱ्या दिवशी फार बोलले नाहीत. "तोंड उघडायच्या आधी मला सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "नाही, तेव्हा 'झालं' म्हणायच्या आधीच सांगायचं होतंस. टेम्पो थांबला असता." फिनिश ठरवायचं काम त्यांनी त्याच्याकडून काढून दुसऱ्या कारागिराला दिलं.

गावात दूध दोन दिवस कॅनमध्ये साठवलं आणि तो टाकीत उतरला. आत भट्टीसारखं तापलेलं, ग्राइंडरचा आवाज चारी बाजूंनी अंगावर येणारा. एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेचाळीस, मग तीनशेवीस. एकही नंबर गाळला नाही.

कारभारींनी द्वारकाबाईला कामावर बोलावणं धाडलं होतं. तिनं उलट निरोप दिला, की मला काढलं ते चारचौघांत बोलून काढलं, बोलावायचं तेही तसंच बोलवा. कारभारींनी दोन दिवस नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी दूध घालायच्या वेळी त्यांना ते बोलावं लागलं. तरी नळावरच्या बायकांची तोंडं बंद व्हायला पुढं कितीतरी दिवस गेले, आणि ते बद्रीनाथच्या हातात नव्हतं.

काम संपल्यावर त्यानं तिला बोलावलं. ती टाकीवर ओणवी झाली, आत हात घालून सावकाश तळ चाचपू लागली. कोपऱ्यात तिचा हात थांबला.

"हितं अजून लागतंय," ती म्हणाली.

त्यानं बोट लावलं. जेमतेम जाणवत होतं, पण होतं.

"व्हय," तो म्हणाला, पट्टा बदलला आणि पुन्हा आत उतरला.