गालावर घासलेलं कापड

अड्याळला आमच्या शेजारी राहणारी काकू कापड हाताने तपासत नसे, गालावर घासून पाहायची. मला आठवा महिना होता. नवे कपडे परवडणार नव्हते, म्हणून लंगोटांसाठी मी जुन्या सुती साड्या जपत होते. त्यातल्याच दोन तिने मागून नेल्या.

"कायले पायजे, काकू?"

"काम हाय."

भांडेवालीला देऊन ती डबे घेत असणार, याची मला खात्री होती. उरलेल्या साड्या मी पेटीत लपवल्या.

बाळंत होऊन घरी आले, तेव्हा तिने लंगोटांचं गाठोडं पुढ्यात ठेवलं. "लेकरू पोटात असताना त्याच्या कपड्याचं बोलू नाही वं, म्हून सांगतलं नाही."

तरी मी माझं कापड पुरतं आलं का ते पाहायला एकेक लंगोट उलगडला. माझं सगळं होतं. बाकीचे लंगोट तिच्या रोजच्या निळ्या साडीचे होते.