भावजींची तळघरातली खोली

आमचे दीर वेणीमाधवभावजी गंगेकाठी राजा घाटावरच्या याच घरात जन्मले, आणि प्रयागापलीकडे कधी गेले नाहीत. लग्न केलं नाही. पाच पायऱ्या उतरून असलेल्या तळघरातल्या खोलीत संस्कृत शिकवायचं आणि आजोबांपासूनच्या पोथ्या जपायच्या, एवढाच संसार. तीन पिढ्यांचं लिखाण, दुसरी प्रत कुठेच नाही.

अठ्ठ्याहत्तर साली नॉर्वेची इंग्रिड त्यांच्याकडे शिकत होती. तिचं घर गुडब्रान्सदाल नावाच्या लांबलचक खोऱ्यात. मधून नदी, दोन्ही अंगांना डोंगर, उतारावर ओंडक्यांची काळी घरं. देवळंही लाकडाची, छपराच्या टोकाला कोरलेले अजगर. उन्हाळ्यात बायका गुरं घेऊन वर माळावर राहतात म्हणे. मी भाजी निवडत ऐकायची.

भाद्रपदात गंगा चढू लागली. इंग्रिड म्हणाली, "गुरुजी, पोथ्या वर न्या. आमच्या नदीने दोनशे वर्षांपूर्वी दोन दिवसांत शेतं, घरं, माणसं नेली. उरलेले कितीतरी जण खोरं सोडून उत्तरेला गेले."

भावजी हसले. "ती तुझी नदी. ही आई. दारात आली की आधी तिची ओटी भरायची. त्याआधी सामान हलवलं तर 'ये, पण तुझा भरवसा नाही' असं तिला तोंडावर सांगितल्यासारखं होतं."

घरची रीतच ती. मीही मान डोलावली.

माझी लेक नंदा भडकली. "काका, पूछके आएगी क्या?"

"तू गप गं!" मी तिला दटावलं. "तुझ्या कॉलेजात गंगेचं टाइमटेबल लावतात वाटतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उंबऱ्याच्या दोन पायऱ्या खाली होतं. मी खण-नारळ काढून बसले. दुपारीही तिथंच. भावजी खूश. "बघा वहिनी, थांबली."

इतक्यात इंग्रिड आतून आली. "गुरुजी, खोलीचं दार उघडत नाही."

लाकूड फुगलं होतं. फटीतून काळं पाणी पाझरत होतं. खोलीच्या मागच्या मोरीतून, नाल्याच्या वाटेनं, गंगा कधीची आत शिरली होती.

नंदाने खांदा लावला.

"धक्के नको देऊस," भावजी म्हणाले, "मागे पोथ्या आहेत."

त्यांनी दोन्ही तळवे दारावर टेकले. आतून पोथ्यांना बांधलेल्या लाकडी फळ्या तरंगत येऊन दाराला लागत होत्या. ठक. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक. दिवेलागणीपर्यंत तेही थांबलं.

पुढे नऊ वर्षं जगले भावजी. शिकवलं ते पाठ होतं तेवढंच.