शेऱ्याचा रकाना

जळकोटच्या अलीकडं हायवेला लागून एक खाजगी दूध डेअरी आहे. तिथं वनमाला अकरा वर्षांपासून कामगारांची हजेरी, रजा, भरती सगळं पाहायची. अणदूरच्या मास्तरांची मुलगी. बोलायला मऊ, अक्षर मोत्यासारखं. पॅकिंगमधल्या बाया नवऱ्याची भांडणंसुद्धा तिच्याजवळ येऊन सांगायच्या. त्यांत धुरपदाबाई तर तिला लेकीच्या जागी मानायची. बावीस वर्षं झाली होती त्या बाईला पॅकिंगमध्ये. पट्ट्यावरून सरकणाऱ्या पिशव्यांतली गळकी पिशवी आणि चुकलेली तारीख ती सरकता सरकताच बाजूला काढायची.

गेल्या उन्हाळ्यात मॅनेजर रणधीर साहेबांनी वनमालाला बोलावून घेतलं.

"पुढच्या पाच वर्षांचं मनुष्यबळाचं नियोजन मागितलंय पुण्याच्या ऑफिसनं. कोण कधी निवृत्त होणार, कुणाच्या जागी कुणाला तयार करायचं, सगळं. एक शेऱ्याचा रकाना ठेवा. कुणाला काय त्रास आहे तेही लिहा, म्हणजे आधीच तयारी करता येईल."

वनमालाला हे मनापासून पटलं. आजवर माणूस अचानक आजारी पडायचा आणि मग त्याची जागा भरायला धावाधाव व्हायची. आता आधीच शिकाऊ पोरी घेता येतील, थकलेल्यांना बसून करायचं काम देता येईल. वही घेऊन ती पंधरा दिवस प्रत्येकाजवळ जाऊन बसली. हणमंतप्पानं गुडघ्याचं सांगितलं. सिताबाईनं दम लागतो म्हणून सांगितलं.

धुरपदाबाई इकडंतिकडं बघत हळूच म्हणाली, "डाव्या डोळ्यानं धुकं दिसतंय गं. तारीख आता अंदाजानंच वळखते म्या. घरात कुणाला म्हाईत न्हाय. पोरगं कामावर जाऊ देयाचं न्हाय."

"मावशी, मी लिहिते हे. तुम्हाला हलकं काम मिळंल. तुमच्या हाताखाली एक पोरगी देतील शिकायला."

"तू म्हंतीस तर लिही," धुरपदाबाई म्हणाली.

वनमालानं लिहिलं. तिची यादी पुण्याला गेली, आणि तीन महिन्यांनी तिकडून दुसरी यादी आली. एकोणीस नावं होती. सगळ्यांना एकाच तारखेपासून कामावरून कमी केलं होतं. वनमालानं एकेक नाव आपल्या वहीशी ताडून पाहिलं. ज्या ज्या नावापुढं तिनं शेरा लिहिला होता, नेमकी तीच ही एकोणीस माणसं.

ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. "साहेब, मी हे त्यांना काढायला लिहिलं नव्हतं."

रणधीर साहेबांनी मान वर केली नाही. "वरचा निर्णय आहे. आणि खरं सांगू का, सगळ्या डेअऱ्यांमध्ये तुमचंच काम चांगलं झालंय. पुण्यात कौतुक झालं तुमचं."

पत्रं वाटायचं कामही तिच्याकडंच आलं. धुरपदाबाईनं पत्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि परत तिच्याच हातात दिलं. "वाच." वनमालाला दोन ओळींच्या पुढं वाचता आलं नाही.

रविवारी ती धुरपदाबाईच्या घरी गेली. बाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. खडे चाचपून काढत होती. तिनं सून निकिताला चहा टाकायला सांगितलं, वनमालाला बस म्हणाली.

"मावशी, मला वाटलं होतं..."

"तुला काय वाटलं ते कळतंय मला. तू वंगाळ न्हाईस." धुरपदाबाई सुपाकडंच बघत होती. "पर डोळ्याचं म्या पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं गं. तुला सांगितलं."

वनमाला रडली. धुरपदाबाईनं तिला रडू दिलं. जवळ मात्र घेतलं नाही.

नंतर नवी भरती निघाली. आता गेटवर येऊन ओळख सांगायची सोय नव्हती. मोबाइलवर लिंक, त्यावर अर्ज, स्वतःचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. निवड एजन्सी करणार आणि करार अकरा महिन्यांचा. निवडलेल्यांत निकिताचं नाव होतं. ते वाचून वनमालाला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. निदान त्या घरात एक काम तरी परत गेलं.

पहिल्या दिवशी निकिता फॉर्म भरायला तिच्यासमोर बसली. वनमालानं पत्ता विचारला, शिक्षण विचारलं. मग नेहमीच्या सवयीनं म्हणाली, "तब्येतीची काही अडचण? काम करताना काही त्रास?"

निकितानं नजर खाली घातली. "न्हाय."

"असलं तर सांग गं, संकोच करू नको."

"न्हाय, मॅडम. आत्याबाईंनी बजावलंय. समदं नीट बोल म्हणाल्या, पर तुमाला कायबी सांगायचं न्हाय."

निकिता गरोदर होती आणि चौथा महिना संपत आला होता, हे वनमालाला पुढं पंधरा दिवसांनी कळलं. दुधाचा क्रेट उचलताना ती पोरगी मशीनजवळ खाली बसली तेव्हा. दवाखान्यात नेईपर्यंत मूल गेलं होतं.

वनमाला अजून त्याच टेबलावर आहे. एवढ्यातच नव्या वर्षाचं नियोजन मागणारं पत्र आलं, तेव्हा तिनं साहेबांना पहिल्यांदाच नाही म्हटलं. साहेबांनी ते काम दुसऱ्याला दिलं. बाया आता तिच्याजवळ फक्त रजेचा अर्ज घेऊन येतात, आणि तोही टेबलावर ठेवून निघून जातात.