काखेतल्या कड्या

मला दगड वाचता येतो, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. कोणी विचारलेलं नसायचं, तरी सांगायचे. कौन्सिलच्या ऑफिसात आयुष्यभर लोकांच्या घरांचे प्लॅन तपासले, भिंत दोन इंच पुढे सरकली तरी मला कळायचं. त्यामुळे नजर आपली पक्की, हा माझा तोरा होता. आणि जीभ? ती तर माहेरूनच धार लावून आणलेली.

रिटायर झाल्यावर मी इथे कॉव्हेंट्रीत एका हौशी ग्रुपमध्ये शिरले. रोमन सैनिकांची चिलखतं, पट्टे, चपला होत्या तशा बनवायच्या आणि शाळांमधून मुलांना दाखवायच्या, एवढंच त्यांचं काम. आता खरी चिलखतं गंजून मातीला मिळाली, सापडतात ते तुकडे. मग ती अंगावर दिसायची कशी, हे शोधायचं तर त्या काळची शिल्पं बघायची. आम्ही निवडला होता एका सैनिकाच्या थडग्याचा दगड. म्युझियमच्या कोपऱ्यात उभा आहे, एका हातात भाला, अंगात मांडीपर्यंत येणारा सदरा, कमरेला पट्टा.

मी चार वेळा जाऊन मापं घेतली. सदरा अगदी गुळगुळीत, एक रेघ नाही की एक ठिपका नाही. मी जाहीर करून टाकलं, चामड्याचा आहे. ग्रुप चालवणारे आजोबा पूर्वी बसगाड्या दुरुस्त करायचे, फार शांत माणूस. ते म्हणाले, "वर रंग असेल गं कदाचित. चिलखताची नक्षी रंगवलेली असेल, ती धुऊन गेली असेल." मी म्हटलं, पुरावा दाखवा. ते बिचारे गप्प बसले.

माझ्या मैत्रिणीलाही मीच या ग्रुपमध्ये ओढलं होतं. आमची ओळख हॉस्पिटलातली. माझ्या मुलीचा हात मोडला होता आणि मी एक्स-रेच्या खोलीबाहेर तिलाच फैलावर घेत होते, "कोणी सांगितलं होतं तुला झाडावर चढायला?" आतून निळ्या गणवेशातली रेडिओग्राफर बाहेर आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "अहो, ओरडू नका तिला. आधीच दुखतंय." मी ओशाळले. त्याच आठवड्यात तिला जेवायला बोलावलं, आणि महिन्याभरात अहो-जाहोचं अगं-तुगं झालं. त्याला एकोणीस वर्षं झाली. ती बौद्ध, तिच्या आजोबांनी दीक्षा घेतलेली. मी सांगलीच्या ब्राह्मण घरातली. आमच्या घरात जातीचा विषयच कधी निघत नसे, आणि त्यालाच आम्ही जात न पाळणं समजायचो.

एका रविवारी मी आपल्या मराठी मंडळातल्या लोकांना ग्रुपचं काम बघायला बोलावलं. चर्चचा हॉल, बारा-पंधरा माणसं, भेळ, चहा. टेबलावर चामड्याचं मोठं पान पसरलेलं, शेजारी दगडाचे फोटो. मी सुरी घेऊन कापायला गेले तर सुरी सरकेना. सगळे बघतायत, माझी फजिती होतेय. मी वळले, सुरी माझ्या मैत्रिणीपुढे धरली आणि म्हणाले, "तू घे बाई हे. चामडं म्हणजे तुमच्या लोकांच्या हातातलंच काम."

कोणीतरी हसलं. एकजण उगाचच चहा ढवळत राहिला.

तिने कप खाली ठेवला. चामड्याची कड दोन बोटांत धरून वाकवून बघितली, मग फोटो उचलला. "पट्ट्याच्या वर बघ," ती म्हणाली, "सदरा कसा ओघळून पडलाय. एवढं जाड चामडं असं पडत नाही. हे दुसरं काहीतरी आहे." एवढं बोलून ती सिंकपाशी गेली आणि सगळ्यांचे कप विसळायला लागली. मला वाटलं, चला, तिने काही मनावर घेतलं नाही. माणूस स्वतःला किती फसवू शकतो बघा!

पुढच्या आठवड्यात तिचा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, बरोबर एक शब्द नाही. ती एकटीच म्युझियममध्ये जाऊन आली होती. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडला होता आणि सैनिकाच्या काखेत, उचललेल्या हाताखाली, बारीक अर्धगोलांच्या ओळी दिसत होत्या. एकात एक अडकवलेल्या कड्या! लोखंडी कड्यांचं चिलखत होतं ते. बाकीच्या अंगावरून इतकी शतकं पाऊस गेला, नक्षी झिजली, रंग असेल तर तोही गेला. काखेत तेवढं पाणी पोचलं नव्हतं. मी चार वेळा जाऊन मापं घेतली, पण काखेत काही बघितलं नव्हतं.

मी लगेच फोन केला आणि, सांगायला लाज वाटते, पहिली दहा मिनिटं कड्यांवरच बोलत सुटले. ती नुसतं हं, हं करत होती. शेवटी मीच अडखळले. म्हटलं, "त्या दिवशी मी जरा काहीतरीच बोलले ना गं?"

"माझे आजोबा रेल्वेत फिटर होते," ती म्हणाली. "आमच्या घरात चामड्याला कोणी हात लावला नाही. गावात ते काम दुसऱ्या लोकांकडे होतं. तुला तेवढंही माहीत नाही. आणि आमच्याकडे असतं, तरी तू ते तसं बोलायला नको होतंस."

"चुकलं माझं. सॉरी गं."

"बोललीस चारचौघांत आणि माफी मागतेस फोनवर? ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोर सांग. नाहीतर राहू दे. पण मग आपलं येणं-जाणंही राहू दे."

मी म्हटलं, सांगते. नक्की सांगते.

संधीही चालून आली. मंडळाने या चिलखतावर माझं भाषण ठेवलं. हॉलमध्ये तेच सगळे, शिवाय लेस्टरहून आलेली पाच-सहा माणसं. ती तिसऱ्या रांगेत होती, कोट मांडीवर घेऊन. मी पडद्यावर फोटो दाखवले, बसवाल्या आजोबांना मी कसं गप्प केलं ते रंगवून सांगितलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्यासाठीच केली असणार," म्हटल्यावर हॉल खो खो हसला. हातात शेवटचा कागद होता. त्यावर चारच ओळी होत्या, त्या रविवारी मी काय बोलले आणि कोणाला बोलले. घरी आरशासमोर तीनदा म्हणून बघितल्या होत्या.

मी कागदाकडे बघितलं. समोर सगळे प्रेमाने बघत होते. मला ते प्रेम सोडवेना. दुसरं काही कारण नाही हो, एवढंच. मी कागद घडी करून "धन्यवाद" म्हटलं.

टाळ्या पडल्या. मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ उभं राहून म्हणाले, "स्वतःची चूक अशी चारचौघांत कबूल करायला मोठं मन लागतं!" पुन्हा टाळ्या. मी हात जोडले. हात जोडले मी!

कार पार्कमध्ये मी तिला गाठलं. ती गाडीचं दार उघडत होती. "माईक तुझ्या हातात होता," ती म्हणाली, आणि गेली. त्याला आता दीड वर्ष होत आलं. आधी मी फोन करायचे, तो वाजून वाजून बंद व्हायचा. मग मीही करेनाशी झाले.

चिलखत पूर्ण झालं. एकेक कडी चार कड्यांत अडकवायची, पकडीने दाबायची. बोटांना घट्टे पडले. बसवाले आजोबा विचारायचे, तुझी मैत्रीण कुठे आहे? दगडावरच्या त्या कड्या शोधल्या तिने, आणि तीच येत नाही? मी म्हणायचे, हॉस्पिटलात फार बिझी असते. ते मान हलवायचे आणि मला आणखी कड्या द्यायचे.

यंदा मंडळाने दिवाळी अंकासाठी त्या भाषणाचा लेख मागितला. अंक त्या रविवारच्या सगळ्यांच्या घरी जातो. म्हटलं, बयो, आता तरी लिही. म्हणून हे सगळं लिहिलं, सुरीसकट. आणि छापायला देण्याआधी तिच्या घरी पोस्टाने पाठवलं. वर चिठ्ठी लावली, यात काही चुकलं असेल तर सांग, आणि छापायचं नसेल तर फाडून टाक.

नवव्या दिवशी पाकीट परत आलं. मी जिन्याच्या पायरीवरच बसून उघडलं. फाडलं नव्हतं. पानामागून पान जसंच्या तसं, कुठे खाडाखोड नाही. फक्त त्या रविवारच्या पानावर, "कोणीतरी हसलं" या शब्दांखाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं, "कोणीतरी नाही. तू."

मी डोळे मिटून तो हॉल आठवून बघितला. टेबल, सुरी, भेळेचे द्रोण. माझं वाक्य, आणि त्याला लागूनच आलेलं हसू. माझी सवयच आहे, आपल्याच विनोदाला आपण आधी हसायचं. बाकी सगळे गप्प होते.

वरचं ते वाक्य मी मुद्दाम बदललेलं नाही. मी ते कसं झिजवलं होतं, ते सगळ्यांना दिसू दे. मी हसले होते.