जयपूरला गेलो, पण महाल बघायला नाही

दोन हजार आठच्या हिवाळ्यात जयपूरला भाजीपाला रोपवाटिकांचं अधिवेशन होतं. निमंत्रण आलं ते आमच्या ह्यांच्या नावानं, कारण निमगाव सावातली आमची नर्सरी कागदोपत्री त्यांची. ट्रे भरणं, बी टाकणं, पाणी, फवारणी हे सगळं मी बघते. पत्र वाचून हे म्हणाले, "मी जाऊन काय सांगू? तू जा." मग पेठच्या माझ्या नणंदेला विचारलं. वन्संची टोमॅटोची शेती आहे आणि माझ्याकडची रोपं त्यांच्याइतकी बारकाईनं कोणी तपासत नाही. "दोघी बाया येवढ्या लांब?" असं गावात दोन-तीन जणांनी विचारलं. ते ऐकून तर जायचं पक्कंच झालं.

नारायणगावहून पुण्याची एसटी धरली, वन्सं पेठला चढल्या. पुण्याहून रेल्वे. प्रवास रात्र, दिवस आणि पुन्हा रात्र असा लांबतो, तेव्हा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. थंडीला साधी शाल पुरत नाही. जयपूरला पहाटे उतरलो तेव्हा वन्संनी स्वेटरवर स्वेटर चढवला होता, तरी दात वाजत होते.

खोली मात्र आम्ही चुकीच्या जागी घेतली. जुन्या शहरात, बाजाराजवळ स्वस्त मिळाली म्हणून खूश होतो, पण सभागृह तिथून तासाभरावर. हिवाळ्यात पर्यटकांची गर्दी असते, त्यामुळे रिक्षावाले आधी दुकानं दाखवायला नेतात. आमचा रिक्षावाला तर रजयांच्या दुकानापुढं थांबलाच. वन्संचं हिंदी मालिकांमधलं. "भैयाजी, हमको रजई नहीं, सभागृह चाहिए," त्या इतक्या ठसक्यात म्हणाल्या की तो गुपचूप निघाला. तुम्ही जाल तेव्हा अधिवेशनाच्या जागेजवळच राहा, आणि भाडं बसायच्या आधी ठरवा.

नोंदणीच्या टेबलावर खरा तमाशा झाला. तिथल्या माणसानं यादीत ह्यांचं नाव शोधलं, मागं कोणी पुरुष दिसतोय का पाहिलं, आणि आमच्या पुढ्यात दोन गुलाबी बिल्ले ठेवले. त्यावर फक्त 'अतिथी' लिहिलेलं.

"लेडीज के लिए बस बाहर खड़ी है. आमेर, हवामहल, शॉपिंग, सब फ्री," तो म्हणाला.

"प्रतिनिधी मी आहे," मी हिंदीत सांगितलं. "नर्सरी मी चालवते."

"मॅडम, लिस्ट कंप्यूटर से निकली है. नाम नहीं बदलेगा."

मागं रांग वाढत होती. बसमधून रंगीत साड्यांतल्या बायका आमच्याकडं बघत होत्या. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, जावं बसमध्ये. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आपून दगडं बघाया येवढं आलो न्हाई." मी गुलाबी बिल्ला उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेननं माझं नाव आणि खाली 'रोपवाटिका, निमगाव सावा' लिहिलं, पिनेनं पदराला लावला आणि वन्संना घेऊन आत निघाले. दारावरच्यानं एकदा बिल्ल्याकडं, एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि बाजूला झाला.

दुपारी एका तज्ज्ञांनी रोपं कोलमडतात त्या रोगावर भाषण केलं. दर आठवड्याला औषध द्या, असं त्यांचं म्हणणं. मी हात वर केला. सूत्रसंचालकानं दोनदा माझ्या शेजारच्या पुरुषाकडं माईक दिला. तिसऱ्यांदा मी उभीच राहिले. "आम्ही ट्रे जमिनीवरून उचलून कमरेइतक्या मांडवावर ठेवले, आणि संध्याकाळचं पाणी बंद केलं. औषध निम्म्यावर आलं," मी सांगितलं.

"उंचीचं कसं सुचलं?" तज्ज्ञांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत वन्संनी बसल्या बसल्या मराठीतच सांगून टाकलं, "वाकून वाकून हिची कंबर मोडत व्हती, म्हणून उंच केलं. रोग गेला ते मागनं कळलं." मी त्याचं हिंदी केलं तेव्हा सभागृह हसलं, पण तज्ज्ञ खाली मान घालून लिहून घेत होते. चहाला ते आमच्याकडं आले आणि मांडवाचं चित्र काढून मागितलं.

संध्याकाळी जेवणात बाजरीची रोटी, तूप, गूळ असा बेत होता. तो जरूर खा, आपल्या माणसाला मानवतो. तिथं बसमधल्या एक बाई भेटल्या, हरियाणाच्या, त्यांचीही नर्सरी. दुसऱ्या दिवशी त्या आणि आणखी तिघी बसमध्ये चढल्याच नाहीत. चौघी आमच्या रांगेत येऊन बसल्या.

घरी आल्यावर जो तो विचारतो, हवामहाल कसा आहे? पाहिला, रिक्षातून, डाव्या हाताला, अर्धा मिनिट. मग अधिवेशनाचा अहवाल टपालानं आला. त्यात मांडवाची युक्ती छापली होती, ह्यांच्या नावानं. हे ओशाळून हसले. मी हसले नाही. संयोजकांना पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं, मग तिसरं. तिसऱ्याला उत्तर आलं: पुढच्या अहवालात दुरुस्ती छापू. अजून छापलेली नाही, चौथं पत्र लिहून ठेवलंय.

तुमच्यापैकी कुणी अशा अधिवेशनाला निघत असाल तर शहर बघायला दोन दिवस जास्तीचे काढा, महाल कुठं पळून जात नाहीत. पण कामाच्या दिवशी कोणी फुकटची बस दाखवली, तर सरळ आत जा आणि माईकच्या जवळची खुर्ची धरा.